रसिक आणि चाहता : क्रिकेट व मोटार शर्यत यांच्या आस्वादातील साम्यस्थळे

प्रस्तावना

मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर प्रेक्षकासाठी दोन शब्द सर्रास वापरले जातात. एक 'क्रीडारसिक' आणि दुसरा 'चाहता'. हे शब्द समानार्थी समजले जात असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. 'रसिक' हा शब्द काव्य, नाट्य आणि संगीत यांच्या आस्वादविचारातून क्रीडाक्षेत्रात आला. त्यात पाहणाऱ्याची जाण गृहीत धरलेली आहे. 'चाहता' या शब्दाचा रोख व्यक्तीकडे किंवा संघाकडे असतो. चाहत्याला आपला माणूस जिंकायला हवा असतो. रसिकाला खेळ कळायला हवा असतो. प्रत्यक्षात एकाच प्रेक्षकाच्या ठायी हे दोघे नांदतात आणि पुष्कळदा भांडतातही.

प्रस्तुत लेखात क्रिकेट आणि मोटार शर्यत, विशेषतः फॉर्म्युला वन, या दोन खेळांचा या भांडणाच्या अंगाने विचार केला आहे. वरवर पाहता हे खेळ परस्परांपासून फार दूरचे आहेत. एक मैदानावर बॅट आणि चेंडू घेऊन पाच दिवस चालतो, तर दुसरा यंत्राच्या बळावर दोन तासांच्या आत संपतो. क्रिकेटला सी. एल. आर. जेम्स यांच्या 'बियाँड अ बाउंड्री' (१९६३) या ग्रंथाने कलाविचाराच्या कक्षेत आणले. आशिस नंदी यांनी 'द ताओ ऑफ क्रिकेट' (१९८९) मध्ये त्यातील अनिश्चिततेचा आणि नियतीचा सांस्कृतिक अर्थ शोधला. मोटार शर्यतीची दखल रोलां बार्थ यांनी १९६१ च्या एका माहितीपटाच्या संहितेत बैलझुंज, सायकल शर्यत, आइस हॉकी आणि फुटबॉल यांच्या बरोबरीने घेतली. त्या यादीत क्रिकेट नाही आणि जेम्स यांच्या विवेचनात मोटार शर्यतीला स्थान नाही. तथापि प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले असता दोहोंत एक खोल नाते आढळते. निकाल आणि योग्यता यांत अंतर पडू शकते, हे या दोन्ही खेळांत प्रेक्षकाला वारंवार सोसावे लागते. ते सोसता सोसताच चाहत्याचा रसिक होतो, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

झिजणारा काळ

दोन्ही खेळांत प्रतिस्पर्ध्याइतकाच महत्त्वाचा असा एक मूक घटक असतो, तो म्हणजे झीज. कसोटी सामन्यात खेळपट्टी दिवसागणिक बदलते. पहिल्या सकाळी ओलसर असलेली माती पाचव्या दिवशी भेगाळते. चेंडूचेही तसेच आहे. नवा असताना तो हवेत वळतो, जुना झाल्यावर उलटा वळू शकतो, आणि ८० षटकांनंतर नवा चेंडू घ्यावा की नाही, हा निर्णय कर्णधाराला करावा लागतो. मोटार शर्यतीत हे काम टायर करतो. मऊ टायर वेगवान असतो, पण लवकर झिजतो. कठीण टायर हळू असतो, पण टिकतो. २०१० पासून शर्यतीदरम्यान इंधन भरण्यास बंदी आली आणि टायर केव्हा बदलावे, या प्रश्नाभोवतीच डावपेच फिरू लागले. जुन्या टायरवर आणखी पाच फेऱ्या काढाव्यात की आत्ताच थांबावे, हा प्रश्न नवा चेंडू घेण्याच्या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे.

म्हणूनच या दोन्ही खेळांत 'काहीच घडत नाही' असे वाटणारा काळ सर्वांत अर्थपूर्ण असू शकतो. अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने घडलेली दोन उदाहरणे येथे शेजारी ठेवता येतील. १५ नोव्हेंबर २०२० रोजी इस्तंबूल येथील निसरड्या मार्गावर लुईस हॅमिल्टनने मध्यम पावसासाठीच्या टायरचा एकच संच सुमारे ५० फेऱ्या टिकवला. शेवटी त्या टायरवरील खाचा झिजून जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. त्याने शर्यत आणि सातवे विश्वविजेतेपद एकाच वेळी जिंकले. १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे चेतेश्वर पुजाराने २११ चेंडूंत ५६ धावा केल्या. अनेक चेंडू त्याने अंगावर झेलले. त्या दिवशी विजयी फटका ऋषभ पंतचा होता आणि त्याच्या नाबाद ८९ धावांनी लोकांची मने जिंकली. पण थकलेल्या गोलंदाजांसमोर पंतला मोकळेपणाने खेळता आले, त्यामागे पुजाराचे ते दीर्घ तप होते.

चाहता विजयाचा क्षण पाहतो. तो क्षण कोठून आला, हे रसिक पाहतो. झिजेची जाण असल्याखेरीज पुजाराची खेळी कंटाळवाणी आणि हॅमिल्टनच्या त्या फेऱ्या एकसुरी वाटतील. एक चेंडू सोडून देणे आणि एक वळण जाणीवपूर्वक सावकाश घेणे या दोन्ही कृतींत संयमाचे सौंदर्य आहे आणि ते उघड्या डोळ्यांना सहज दिसत नाही. धावफलक आणि फेऱ्यांच्या वेळांचे तक्ते यांचे या खेळांत इतके महत्त्व का, याचेही उत्तर येथे मिळते. हे आकडे निकालापेक्षा अधिक काही सांगतात. रागदारीच्या मैफलीत विस्तार कळण्यासाठी श्रोत्याला सुरांची ओळख लागते, तशी येथे आकड्यांची ओळख लागते.

नियम आणि न्याय

निकाल आणि योग्यता यांतील अंतर सर्वांत तीव्रतेने जाणवते ते नियमांच्या टोकाशी. पाऊस हा या दोन्ही खेळांचा जुना सोबती आहे आणि अर्धवट राहिलेल्या खेळाचा हिशेब कसा करावा, हा दोहोंचा जुना पेच आहे. ३ जून १९८४ रोजी मोनाको येथे मुसळधार पावसात टोलमन या दुय्यम संघाच्या मोटारीत बसलेला तरुण आयर्टन सेन्ना आघाडीवरील अ‍ॅलन प्रॉस्टला झपाट्याने गाठत होता. तोच शर्यत थांबवण्यात आली. ३१ फेऱ्यांअखेरची स्थिती ग्राह्य धरून प्रॉस्टला विजेता ठरवले गेले, पण तीन चतुर्थांशाहून कमी अंतर झाल्याने गुण निम्मेच, म्हणजे साडेचार, मिळाले. हंगामाअखेर निकी लाउडाचे ७२ आणि प्रॉस्टचे साडेएकाहत्तर गुण झाले. शर्यत पूर्ण होऊन प्रॉस्ट त्या दिवशी दुसरा आला असता, तरी त्याला सहा गुण मिळून तो विश्वविजेता ठरला असता. ज्या निर्णयाने त्याला विजय दिला, त्यानेच त्याचे विजेतेपद हिरावले.

क्रिकेटमधील तुल्य प्रसंग २२ मार्च १९९२ चा आहे. सिडनी येथील विश्वचषक उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या असताना पाऊस आला आणि खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा एका चेंडूत २१ धावांचे अशक्य लक्ष्य उरले. नियम सर्वांना आधीपासून ठाऊक होता आणि तो काटेकोरपणे पाळला गेला. तरीही इंग्लंडच्या समर्थकांतही तो निकाल न्याय्य म्हणणारे थोडेच निघाले असतील. पुढे १९९७ पासून वापरात आलेली डकवर्थ-लुईस पद्धत ही या अस्वस्थतेला मिळालेली गणिती प्रतिक्रिया होती.

अलीकडच्या काळात हाच पेच अंतिम क्षणी उद्भवलेला दिसतो. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड या दोघांच्याही २४१ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही प्रत्येकी १५ झाल्या आणि अखेर २६ विरुद्ध १७ अशा चौकार-षटकारांच्या संख्येवर विश्वचषक इंग्लंडला मिळाला. त्याआधी अखेरच्या षटकात मार्टिन गप्टिलची फेक बेन स्टोक्सच्या बॅटला लागून सीमापार गेली होती. तेव्हा सहाऐवजी पाच धावा द्यायला हव्या होत्या, असे मत माजी पंच सायमन टॉफेल यांनी नंतर व्यक्त केले. योगायोग असा की त्याच दिवशी सिल्व्हरस्टोन येथे ब्रिटिश ग्रां प्री झाली आणि तेथे निकालाविषयी कोणताही वाद उद्भवला नाही. शर्यतीच्या जगाला आपले लॉर्ड्स भेटण्यास आणखी अडीच वर्षे लागणार होती.

१२ डिसेंबर २०२१ रोजी अबू धाबी येथे मॅक्स व्हर्स्टॅपन आणि लुईस हॅमिल्टन हे दोघे प्रत्येकी ३६९.५ गुणांवर बरोबरीत असताना हंगामाची अखेरची शर्यत सुरू झाली. ५८ पैकी ५३ व्या फेरीत मागील एका मोटारीला अपघात झाला आणि सेफ्टी कार आली. तोवर आघाडी हॅमिल्टनची होती, पण त्याचे टायर जुने होते. व्हर्स्टॅपनने या संधीत नवे मऊ टायर घेतले. एका फेरीने मागे पडलेल्या मोटारींपैकी केवळ या दोघांच्या मधल्या पाच मोटारींनाच पुढे जाऊ देण्यात आले आणि शेवटची एक फेरी खुली करण्यात आली. त्या फेरीत व्हर्स्टॅपन पुढे गेला व विश्वविजेता झाला. आंतरराष्ट्रीय महासंघाने पुढे २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात शर्यत संचालकाचा हेतू प्रामाणिक होता, परंतु मानवी चूक घडली, असा निष्कर्ष काढला. निकाल मात्र कायम राहिला.

या दोन प्रसंगांत एक महत्त्वाचा भेद आहे. लॉर्ड्सवर विजेता ठरवणारा नियम विचित्र होता, पण तो ठरल्याप्रमाणे लावला गेला. अबू धाबीत नियम स्पष्ट होता, पण त्याची अंमलबजावणी वादग्रस्त ठरली. पहिल्या प्रसंगी दोष नियम करणाऱ्यांकडे जातो, दुसऱ्या प्रसंगी नियम चालवणाऱ्याकडे. चाहत्याला हा भेद करवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने आपला खेळाडू हरला एवढेच सत्य असते. रसिक तो करू शकतो आणि त्यातूनच खेळाच्या सुधारणेची मागणी पुढे येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने उपांत्य व अंतिम सामन्यांसाठी चौकारमोजणीचा निकष रद्द करून विजेता ठरेपर्यंत सुपर ओव्हर खेळवण्याचे ठरवले, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे.

पराभवाची प्रतिष्ठा

नियम संपतात तेथे खेळाडूची न्यायबुद्धी सुरू होते आणि तेथे तर हे दोन खेळ एकमेकांचे प्रतिबिंब वाटावेत इतके जवळ येतात. १९५८ च्या पोर्तुगीज ग्रां प्रीमध्ये दुसऱ्या आलेल्या माइक हॉथॉर्नवर शर्यतीच्या विरुद्ध दिशेने मोटार चालवल्याचा आक्षेप घेतला गेला. त्याच्या बाजूने साक्ष दिली ती त्याचाच प्रतिस्पर्धी स्टर्लिंग मॉस याने. हॉथॉर्नचे गुण वाचले. हंगामाअखेर हॉथॉर्नचे ४२ आणि मॉसचे ४१ गुण झाले. मॉसने त्या वर्षी चार शर्यती जिंकल्या होत्या, हॉथॉर्नने एक. मॉस पुढेही कधी विश्वविजेता झाला नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडे मैदानावर झालेल्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत इंग्लंडचा बॉब टेलर याला यष्टीमागे झेलबाद ठरवण्यात आले. चेंडू बॅटला लागला नसल्याची खात्री असलेल्या भारतीय कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथने पंचांना निर्णय मागे घेण्याची विनंती केली. टेलर परतला आणि इयन बोथमबरोबर त्याने १७१ धावांची भागीदारी रचली. भारत दहा गडी राखून पराभूत झाला. मुंबईच्या जुन्या क्रिकेटरसिकांच्या बोलण्यात या सामन्याचा विषय निघाला की बोथमचे शतक आणि १३ बळी यांच्या आधी विश्वनाथचे नाव येते.

या दोन्ही पराभवांना विजयापेक्षा अधिक आयुष्य लाभले आहे. तसेच मार्च १९८७ मध्ये बंगळुरूच्या फिरत्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध सुनील गावसकरने आपल्या अखेरच्या कसोटी डावात केलेल्या ९६ धावांचे आहे. भारत १६ धावांनी हरला आणि शतकही झाले नाही. तरी ती खेळी त्याच्या अनेक शतकांहून वरची मानली जाते. केवळ निकालपत्र वाचणाऱ्याला मॉस, विश्वनाथ आणि गावसकर यांचे हे मोठेपण उमगणार नाही. खेळाची स्मृती निकालपत्रापासून स्वतंत्र ठेवणे, हे रसिकाचे खरे कार्य होय.

जीव आणि जोखीम

या आस्वादाला एक काळी कडा आहे. ५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमधील सुझुका येथे झालेल्या अपघातात ज्यूल्स बियांकी गंभीर जखमी झाला आणि १७ जुलै २०१५ रोजी त्याचा मृत्यू झाला. सुझुकाच्या अपघातानंतर दोन महिन्यांच्या आतच, २५ नोव्हेंबर २०१४ रोजी, सिडनी येथे उसळत्या चेंडूने जखमी झालेला फिलिप ह्यूज दोन दिवसांनी दगावला. दोघांचेही वय मृत्यूसमयी २५ होते. बियांकीचा १७ आणि ह्यूजचा ६४ हे क्रमांक त्यांच्या स्मरणार्थ निवृत्त करण्यात आले.

उसळता चेंडू आणि वेगवान वळण यांच्या आकर्षणात धोक्याचा अंश असतो, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मात्र धोका म्हणजेच थरार, हे समीकरण दोन्ही खेळांनी हळूहळू मोडीत काढले आहे. १९७० च्या दशकाअखेर हेल्मेट घालणाऱ्या फलंदाजांची टिंगल झाली. २०१८ मध्ये चालकाच्या डोक्याभोवतीची 'हेलो' ही संरक्षक चौकट सक्तीची झाली तेव्हा ती कुरूप आहे, शर्यतीच्या वृत्तीला न शोभणारी आहे, अशी टीका झाली. टीकाकारांत चालक रोमां ग्रोजां हाही होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीन येथे जळत्या मोटारीतून तो जिवंत बाहेर आला, त्याचे श्रेय पुढे त्याने स्वतःच या चौकटीला दिले. हेल्मेट आल्याने हूकचा फटका संपला नाही आणि हेलो आल्याने शर्यतही निस्तेज झाली नाही. खेळाडूच्या जिवावर उभा असलेला आस्वाद रसिकत्वाच्या व्याख्येत बसू शकत नाही, एवढा बोध या इतिहासातून निश्चित घेता येतो.

साम्याची मर्यादा

असे असले तरी हे साम्य मर्यादेपलीकडे ताणणे योग्य नाही. जेम्स यांनी दाखवून दिल्याप्रमाणे क्रिकेटमध्ये गोलंदाज आणि फलंदाज यांच्यातील झुंज दोन व्यक्तींची असते, तरी त्याच क्षणी प्रत्येक जण आपल्या संघाचा प्रतिनिधी असतो. फॉर्म्युला वनमध्येही चालक आणि संघ यांची विजेतेपदे वेगवेगळी दिली जातात. परंतु येथे व्यक्ती आणि संघ यांच्यामध्ये यंत्र उभे असते. सर्वोत्तम फलंदाजाला दुबळ्या संघातून खेळतानाही त्याच २२ यार्डांवर उभे राहता येते. सर्वोत्तम चालक दुबळ्या मोटारीत बसला तर बहुधा मागेच राहतो. त्यामुळे शर्यतीचा रसिक चालकाचे मोजमाप त्याच्याच संघातील सहकाऱ्याशी करतो. इस्तंबूलच्या त्या शर्यतीत हॅमिल्टन पहिला आला आणि तशाच मोटारीतील वाल्टेरी बोटास चौदावा. ही तुलना हॅमिल्टनच्या विजयाहून अधिक बोलकी आहे.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. भारतातील क्रिकेटचा प्रेक्षक बहुधा कधी तरी गल्लीत वा शिवारात खेळलेला असतो. फटक्याची जाण त्याच्या मनगटात असते. शर्यतीच्या प्रेक्षकाला असा अनुभव जवळजवळ दुर्लभ. नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमधील पहिला भारतीय चालक ठरला. त्याच वर्षी १९ जून रोजी इंडियानापोलिस येथे टायरच्या सुरक्षिततेच्या प्रश्नावरून १४ मोटारींनी प्रत्यक्ष शर्यतीआधीच माघार घेतली आणि उरलेल्या सहांत तो चौथा आला. भारतीय चालकाने मिळवलेले हे पहिले गुण. पण ज्या प्रेक्षकांसमोर ते मिळाले, ते फसवले गेल्याच्या भावनेने हुर्यो उडवत होते. चाहत्याचा आनंद आणि रसिकाची खंत यांची इतकी विचित्र गाठ क्वचितच पडली असेल.

ग्रेटर नोएडा येथील इंडियन ग्रां प्री २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे झाली. पहिल्या शर्यतीअखेर चौकटींचा झेंडा फडकवण्याचा मान सचिन तेंडुलकरला देण्यात आला होता. नव्या खेळाला भारतीय मनात शिरण्यासाठी क्रिकेटचे बोट धरावे लागले, असा त्याचा अर्थ होतो. मात्र ही शर्यत खेळ मानावी की करमणूक, हा प्रश्न करआकारणीच्या निमित्ताने उपस्थित झाला आणि आयोजन थांबले.

तिसरी मर्यादा भाषेची असून मराठी वाचकाच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. क्रिकेटला मराठीत फलंदाज, यष्टिरक्षक, खेळपट्टी, निर्धाव षटक असा स्वतःचा शब्दसंसार लाभला. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील धावत्या वर्णनाने आणि वि. वि. करमरकर यांच्यासारख्या संपादकांच्या लेखणीने तो घराघरांत नेला. मैदान कधी न पाहिलेला श्रोताही केवळ शब्दांच्या आधारे रसिक होऊ शकला. मोटार शर्यत येथे दूरचित्रवाणीवरून, इंग्रजी समालोचनासह आली. टायरची झीज, मागच्या मोटारीला बाधणारी हवा, थांबा लवकर घेऊन प्रतिस्पर्ध्याला मागे टाकण्याची खेळी यांना मराठीत रुळलेले शब्द नाहीत. शब्द नसल्याने चर्चा विजेत्याच्या नावापाशी थांबते आणि प्रेक्षक चाहता राहतो.

समारोप

क्रिकेट आणि मोटार शर्यत यांचे नाते वेगात वा लोकप्रियतेत शोधण्यापेक्षा प्रेक्षकाकडून त्यांच्या असणाऱ्या अपेक्षेत शोधणे अधिक फलदायी आहे. झीज ओळखणे, नियम आणि न्याय यांतील भेद जाणणे, पराभवातील मोठेपण स्मरणात ठेवणे आणि खेळाडूचा जीव थरारापेक्षा मोलाचा मानणे या चार गोष्टी दोन्ही खेळ आपल्या प्रेक्षकाला शिकवतात. २००३ मध्ये सुरू झालेले ट्वेंटी-२० क्रिकेट आणि २०२१ मध्ये आलेली फॉर्म्युला वनची स्प्रिंट शर्यत यांमुळे दोन्ही खेळांनी आखूड स्वरूपाकडे वळण घेतले आहे. आखूड स्वरूपातही कौशल्य असते, हे मान्य करायला हवे. परंतु झीज दिसण्यासाठी वेळ लागतो आणि तो वेळच कमी झाला तर निकाल तेवढा उरतो. अशा काळात खेळाचा दीर्घ आस्वाद टिकवण्याची जबाबदारी वर्णन करणाऱ्या भाषेवर अधिक प्रमाणात येते. मराठी क्रीडासमीक्षेने क्रिकेटच्या बाबतीत ती एकदा समर्थपणे पेलली आहे. मोटार शर्यतीच्या बाबतीत ते काम अद्याप व्हावयाचे आहे.